ॲसिडवाले सर

वणीत एखाद्याच्या शर्टाच्या खिशाखाली बारीक भोकं दिसली, तर तो विडी ओढतो असं लगेच ठरवू नये. विडीच्या भोकाचा काठ करपलेला असतो. इथे करपल्याची खूण नाही, कापड नुसतं विरून गेलंय, आणि भोकं नेमकी डाव्या खिशाच्या खालच्या शिवणीपाशी आहेत. म्हणजे खिशात झाकण नीट न बसणारी बाटली आहे, बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, आणि समोर उभे आहेत ते ॲसिडवाले सर.

हे नाव ऐकून गावात नवा आलेला माणूस दचकतो. जुने लोक त्याची समजूत घालतात, "तसं काही नाही जी. ते फक्त गोट्यावर टाकतात."

छंदिष्ट माणूस प्रत्येक तालुक्यात एखादा तरी निघतोच. पण पक्ष्यांमागे लागलेला निदान शांत असतो आणि जुनी नाणी जमवणारा घरात बसतो. दगडवाल्याचं तसं नाही. दगड रस्त्यावर असतो, विहिरीच्या मलब्यात असतो, तुमच्या ओट्यावर, पायरीवर आणि तुमच्या अंगठीतही असतो. त्यामुळे सर कुठेही येऊ शकतात.

त्यात सरांचा जन्म वणीचा. यवतमाळ जिल्ह्यात पश्चिमेला पुसद-दारव्ह्याकडे काळा बेसॉल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. पूर्वेला वणी-झरीकडे आलं की त्या लाव्ह्याच्या काठाखालून कितीतरी जुने चुनखडक, वालुकाश्म आणि कोळसा डोकं वर काढतात. इतका माल एका बसपासात मिळत असेल तर माणूस बिघडणारच. नोकरी दुसरीकडे कुठे लागली असती तर ते कदाचित कविता करून थांबले असते. इथेच एका हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आणि ज्या वयात लोक तीर्थयात्रा काढतात किंवा प्लॉट पाडतात, त्या वयात त्यांनी दिसेल त्या दगडाची चौकशी सुरू केली.

चौकशीचा क्रम ठरलेला आहे. रंग सर पाहतात, पण मनावर घेत नाहीत. रंग ही सगळ्यात लबाड साक्ष, असं त्यांचं मत. क्वार्ट्झ जांभळा निघाला की त्याला ॲमेथिस्ट म्हणून अंगठीत बसवतात, धुरकट निघाला की स्मोकी म्हणतात, आणि पांढरा होऊन शेतात लोळत असला की गारगोटी म्हणून बांधावर फेकतात. पदार्थ तोच, सिलिकॉन डायऑक्साइड. म्हणून पहिली साक्ष नखाची. डाव्या अंगठ्याचं नख सरांनी मुद्दाम वाढवलंय. त्याची कठिनता अडीच. नखाने ओरखडा उठला तर दगड शंखजिऱ्याच्या किंवा जिप्समच्या जातीचा. नाही उठला तर १९५७ सालचा ब्राँझचा नवा पैसा, साधारण साडेतीन. त्यालाही दाद दिली नाही तर चाकू, साडेपाच. आणि चाकू घसरला, उलट दगडानेच काचेवर रेघ ओढली, तर सर चष्मा वर करून म्हणतात, "सात. गारगोटी. जा घरी."

ही श्रेणी फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाची, १८१२ सालची. शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्झ, पुष्कराज, कुरुंद, हिरा. प्रत्येकाने खालच्याला ओरबाडायचं आणि वरच्याकडून ओरबाडून घ्यायचं. शिवाय पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. नवव्या कुरुंदात आणि दहाव्या हिऱ्यात जी दरी आहे ती खालच्या सगळ्या पायऱ्या मिळूनही भरत नाही. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, असं सर म्हणतात.

आम्लाचा थेंब शेवटी. कॅल्साइट असेल तर फसफसतो, कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. सर तेव्हा दगडाला कान लावतात. डोलोमाइटमध्ये निम्मी जागा मॅग्नेशियमने घेतलेली असते. तो थंड आम्लाला सहसा उत्तर देत नाही, चाकूने खरवडून पूड केली की मग हळूहळू बोलायला लागतो. वणी तालुक्यात दोन्ही सापडतात, म्हणून कुठल्याही खडकापुढे सर आधी थेंब टाकतात, मग उकिडवे बसून खरवडतात, मग पुन्हा थेंब टाकतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारा नाग पूजून राहिला.

राजूरच्या चुनाभट्ट्यांवर त्यांनी असाच एक दिवस घालवला. भट्टीमालकाला त्यांनी हिशेब करून दाखवला की शंभर किलो शुद्ध कॅल्साइट भाजला तर कळीचा चुना ५६ किलोच हाती येतो, बाकीचे ४४ किलो वायू होऊन धुराबरोबर आकाशात जातात. मालक म्हणाला, "हे आमच्या मुनीमले माहीत आहे जी. म्हणून तर तो दर महिन्याले रडते." तिथेच दगड निवडणाऱ्या एका बाईने सरांची बाटली बाहेर यायच्या आत तीन गोटे बाजूला फेकले. सरांनी तिन्ही तपासले. तिन्ही डोलोमाइट निघाले. "कसं ओळखलं?" तर ती म्हणाली, "हाताले जड लागते." कॅल्साइटचं विशिष्ट गुरुत्व २.७१, डोलोमाइटचं २.८५ च्या आसपास. एवढा फरक तळहातावर पकडणारी बाई सरांनी आयुष्यात पाहिली नव्हती. वहीत त्यांनी नोंद केली: 'उपकरण: हात.' दुसऱ्या दिवसापासून ते घरात जे दिसेल ते उचलून तोलायला लागले, वरणाची वाटीसुद्धा.

घरात काकू आहेत. सरांचे दगड आणि काकूंचा संसार एकाच चार खोल्यांत आहे, त्यामुळे वर्गीकरणाचा प्रश्न तिथे रोजचा आहे. सरांचं वर्गीकरण रसायनावर चालतं. अमेरिकेच्या जेम्स डेनाने १८३७ साली खनिजांची एक पद्धत मांडली आणि १८५० च्या तिसऱ्या आवृत्तीत स्वतःच मोडीत काढून रसायनाची पद्धत धरली. आपलीच पहिली आवृत्ती चुकीची म्हणणारा लेखक म्हणून सरांना त्याच्याबद्दल फार आदर. या पद्धतीत खनिजाचं घराणं धातूवरून ठरत नाही, धातूचा जोडीदार कोण यावरून ठरतं. लोखंड गंधकाकडे गेलं तर पायराइट, ऑक्सिजनकडे गेलं तर हेमॅटाइट, कार्बोनेटकडे गेलं तर सिडेराइट. तिघांत लोखंड असून तोंडं एकमेकांशी जुळत नाहीत. सिडेराइट मात्र कॅल्साइटच्या शेजारी बसवला की दोघं चुलतभाऊ दिसतात. सर हे सांगतात तेव्हा काकू शांतपणे म्हणतात, "म्हणजे माणूस सासरच्या वळणावर जाते, हे समजायले त्या डेनाले पुस्तक लिहावं लागलं."

काकूंचं वर्गीकरण तीन वर्गांचं. दाराला लावायचे, लोणच्याच्या बरणीत दाबायला ठेवायचे, आणि फेकायचे. या पद्धतीत चूक होत नाही असं नाही. यवतमाळकडच्या एका विहिरीच्या मलब्यातून सरांनी स्टिल्बाइटचा गुच्छ आणला होता. बेसॉल्टमध्ये लाव्ह्याच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, त्यात नंतर गरम पाणी मुरतं आणि कॅल्साइट, क्वार्ट्झ, झिओलाइट असले मोठे देखणे स्फटिक उगवतात; पुण्या-जळगावकडचे असले नमुने जगभरच्या संग्रहालयांत बसले आहेत. स्टिल्बाइट हा झिओलाइटच, आणि झिओलाइटच्या अंगात पाणी असतं. क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने १७५६ साली झिओलाइट तापवून पाहिला तेव्हा दगड उकळल्यासारखा फुगला. क्रोनस्टेटने फुंकनळी वापरली होती. सरांनी काकूंचा गॅस वापरला. त्या शेगडीवर त्यानंतर दोन दिवस दूध उतू गेलं नाही, कारण दूध ठेवूच दिलं नाही. उरलेला स्टिल्बाइट दुसऱ्या वर्गातून तिसऱ्या वर्गात गेला.

नातेवाईकांना याचा उपद्रव वेगळ्या तऱ्हेने होतो. भाचीच्या लग्नाचा बायोडाटा लिहायला सरांकडे दिला, कारण अक्षर चांगलं. सर रोज रात्री मराठी विश्वकोशातली खनिजांची टिपणं वाचतात. तिथे स्फटिक, पाटन (ठरावीक दिशेने चिरणं), भंजन (वेडंवाकडं तुटणं), कठिनता, विशिष्ट गुरुत्व, चमक, रंग, कस (घासल्यावर उठणाऱ्या रेघेचा रंग), रासायनिक संघटन असा क्रम असतो. हात त्याच वळणाने गेला. 'रंग: निर्णायक नाही. चमक: मोत्यासारखी, विशेषतः सकाळी. पाटन: एका दिशेने उत्तम, तिकडून बोलू नये. भंजन: अद्याप पाहण्यात नाही. कठिनता: दिसते त्यापेक्षा जास्त.' बहिणीने कपाळाला हात लावला, पण तोवर कागद पोस्टात पडला होता. मुलगा मुकुटबनकडे सिमेंट कारखान्यात केमिस्ट. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. बाकी सगळं पसंत आहे, म्हणाला, पण कस लिहायचा राहिला. लग्न झालं. आहेरात जावयाने मामांना बिनझिलईची चिनी मातीची फरशी दिली, खास कस पाहण्यासाठी. त्या मांडवात डोळ्यांत पाणी आलेले सर हे एकमेव वऱ्हाडी.

बाहेरच्या जगाचं आणि सरांचं जमत नाही ते व्याख्येवर. खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला, अजैव, ठरावीक रासायनिक घडणीचा, आत अणूंची शिस्तीत मांडणी असलेला घन पदार्थ. या व्याख्येत कोळसा बसत नाही. तो झाडांचा, आणि आत मांडणीही नाही. अर्ध्या गावाचे हप्ते कोळशावर फिटतात, त्या वणीत 'कोळसा हे खनिज नाही' असं म्हणत फिरायला छाती लागते. खाणीतून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याने तर विचारलं, "मग मी तीस वर्षं कायची खाण खोदली जी?"

वाळूवरून झालेला प्रसंग तर कागदोपत्री आहे. पैनगंगेकडून वाळू भरून येणारा एक ट्रॅक्टर तलाठ्याने रस्त्यात अडवला आणि बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा सुरू केला: विनापरवाना गौण खनिज वाहतूक. सर स्कूटरवरून चालले होते. 'खनिज' शब्द कानावर पडताच ब्रेक लागला.

"वाळू खनिज नाही," सर म्हणाले. "खनिजांचा समूह आहे."

ट्रॅक्टरवाल्याचा चेहरा उजळला. सरांनी तोवर मूठभर वाळू कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवलं होतं. काळे कण उभे राहून चालायला लागले. "हा मॅग्नेटाइट, बेसॉल्टमधून आलेला. हा क्वार्ट्झ. हा फेल्डस्पार, हा पाहा, याची एक बाजू सपाट चमकते. ही अकिकाची कपची."

"म्हणजे सर, केस होत नाही न?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

"शास्त्राप्रमाणे नाही."

तलाठी सरांचाच विद्यार्थी. त्याने हात जोडले. "सर, तुम्ही मले नववीत नापास केलं, मी काही म्हटलं नाही. पण १९५७ च्या कायद्यात साधी वाळू गौण खनिज म्हणून लिहून आहे. आता कायद्याले तरी पास करा."

कायद्याची व्याख्या वेगळी असू शकते हे सरांनी मोठ्या मनाने मान्य केलं, आणि मग पंच म्हणून सही करताना पंचनाम्यात आपल्या सुंदर अक्षरात जोडून दिलं: वाळूतील घटक, कणांचा आकार, ओलाव्यावरून अंदाजे किती वेळापूर्वी नदीतून काढली, आणि बेसॉल्टच्या कणांचं प्रमाण पाहता ती कुठल्या बाजूच्या पात्रातली असावी. ट्रॅक्टरवाल्याच्या वकिलाने तो कागद वाचला आणि फी परत केली. त्या वाळूघाटावर सर दिसले की अजूनही ट्रॅक्टर वळवतात.

२०२१ साली झरी-जामणी तालुक्यात शिबला-पार्डीकडे बेसॉल्टचे सहा बाजूंचे खांब उजेडात आले, तेव्हा मात्र सर दोन दिवस बोललेच नाहीत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि असा भेगाळतो, हे त्यांना पाठ होतं. तरी ते एका खांबापुढे हात मागे बांधून उभे राहिले. बाटली काढली नाही.

आणखी एका ठिकाणी त्यांची गंमत थांबते. पांढरकवडा आणि झरीच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात खडकांमधून फ्लोराइड उतरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पिण्यालायक धरत नाहीत. तिथल्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. पुढे हाडांपर्यंत जातं. दातांवरचं कवच म्हणजे ॲपेटाइटच, मोसच्या श्रेणीतला पाचवा. थोडं फ्लोराइड त्याला पक्कं करतं, जास्त झालं की दात घडतानाच बिघडतो. सर त्या शाळांत जातात, नमुन्यांची पेटी उघडतात, पण आधी पोरांना तोंडं उघडायला लावतात. मग कुठल्या बोअरचं पाणी पिता ते एकेकाला विचारून वहीत लिहितात, आणि ती वही घेऊन कुणाकुणाच्या दारात बसतात. त्या कामात ते विनोद करत नाहीत, आणि कुणी केला तर हसत नाहीत. एकदाच हसले. एका पोराने विचारलं, "सर, मी दातानं तुमचा चाकू खरवडू शकतो काय?"

"नाही. चाकू साडेपाच, तू पाच."

"आणि तुमचे दात, सर?"

"ॲक्रिलिकचे आहेत. ते खनिजात मोडत नाहीत."

आता सोन्याची गोष्ट. एका रात्री एक ट्रक ड्रायव्हर रुमालात काहीतरी बांधून आला. दार लावून घ्या म्हणाला. रुमालात कोळशाचा तुकडा होता आणि त्याच्या भेगेत पिवळी, लखलखती पापडी. "कोनाले सांगू नका जी सर. हे काय होय, तेवढं सांगा."

सरांनी पापडीवर चाकू ओढला. चाकू घसरला. खऱ्या सोन्याची कठिनता जेमतेम तीन, चाकूने ते लोण्यासारखं कापलं जातं. मग जावयाच्या फरशीवर पापडी घासली: हिरवट काळी रेघ. पायराइट, लोह आणि गंधक, साडेसहाच्या आसपास कठीण आणि पाण्याच्या पाचपट जड. सोनं एकोणीसपट. सरांनी हे सगळं सांगितलं, शिवाय जाळून गंधकाचा वास दाखवतो म्हणाले, पण काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

ड्रायव्हरला पटलं नाही. फुकट मिळालेलं मत कुणालाच पटत नाही. दुसऱ्या दिवशी तो सराफाकडे गेला. सराफाने पापडी कसोटीवर घासली, काळी रेघ पाहिली, "सोनं नाही" म्हणाला आणि पैसे घेतले. ते मात्र ड्रायव्हरला लगेच पटलं. येऊन त्याने सरांना सांगितलं, "तुमीबी तेच म्हटलं होतं जी, पन तिथं मशीनवानी पक्कं सांगतलं."

सरांना राग नाही आला. त्यांना एकच गोष्ट कळली: आपण फरशीवर करतो तीच परीक्षा सराफ एका काळ्या दगडावर करतो, आणि तो दगड कोणता हे आपण कधी विचारलंच नाही. चहा न घेता ते निघाले. मी सोबत होतो. कुणीतरी असावं, असं काकूंचं मत पडलं.

"ही कसोटी कशाची आहे?" सरांनी गादीवर बसता बसता विचारलं.

"वडिलांची," सराफ म्हणाला.

"तसं नाही. पदार्थ कोणता?"

"पदार्थ म्हणजे... आजोबाईनं आणला होता."

"चर्ट असावा. किंवा बारीक दाण्याचा बेसॉल्ट. चाकू ओढून पाहतो. चाकू झिजून चांदीसारखी रेघ उठली तर सिलिकेचा, सातचा. एक मिनिट लागेल."

सराफाने तीन पिढ्यांची कसोटी छातीशी धरली. सरांनी मग विषय बदलावा म्हणून गादीवरची काचेची छोटी बाटली उचलली. "नायट्रिक?"

"हो. रेघेवर लावतो. पितळ असन तर रेघ जाते, सोनं असन तर राहते."

सरांचा चेहरा एकदम फुलला. एवढ्या वर्षांत गावात त्यांना दुसरा ॲसिडवाला भेटला नव्हता. त्यांनी खिशातून आपली बाटली काढून सराफाच्या बाटलीशेजारी ठेवली.

"हे माझं हायड्रोक्लोरिक. तुमचं एकटं सोन्याला काही करत नाही. माझंही एकटं काही करत नाही. पण दोन्ही तीव्र घेतली, तीन भाग माझं आणि एक भाग तुमचं, की आम्लराज तयार. सगळं सोनं विरघळतं. हा हार, ह्या पाटल्या, ते तिकडचं, सगळं. पिवळं पाणी उरतं फक्त."

सराफाने दोन्ही बाटल्यांकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. मग आपली बाटली उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवरला किल्ली लावली आणि पोऱ्याला हाक मारली.

"सरांसाठी एक चहा सांग. बाहेरच दे, हवेशीर आहे तिथं."

सर बाहेर आले. त्यांना अपमान वगैरे काही वाटलेला दिसला नाही. कपबशी हातात घेऊन ते दुकानाच्या पायरीशी थांबले, जरा वाकले, आणि कप माझ्या हातात दिला. पायरी गुळगुळीत होती, हिरवट राखी रंगाची. सर उकिडवे बसले आणि त्यांचा हात खिशाकडे गेला.

आतून सराफ ओरडला, "सर! ते कोटा आहे जी, गेल्याच महिन्यात बसवली!"

"कोटा म्हणजे चुनखडक," सर झाकण फिरवत म्हणाले, "पण खात्री केलेली बरी."